बंद व्हायच्या आधीची वर्षं

जर्मनीतल्या बोखुम शहरात जमिनीचा एक तुकडा आहे. तिथे पूर्वी डानेनबाउम नावाची कोळसा खाण होती. ती बंद झाली आणि १९६२ साली त्याच जागेवर ओपेलचा मोटार कारखाना सुरू झाला. ऐन भरात तिथे वीस हजारांवर माणसं कामाला होती. डिसेंबर २०१४ मध्ये तोही कारखाना थांबला. आता तिथे पार्सलं वाटणारं मोठं केंद्र, प्रयोगशाळा आणि कार्यालयं आहेत. कोळसा आणि मोटार, दोन्ही उद्योग एका माणसाच्या हयातीत त्या जमिनीवरून गेले.

पहिल्या बदलाबद्दल लोक अजून बरं बोलतात, दुसऱ्याबद्दल तसं ऐकू येत नाही. याचं कारण हेतूत शोधू नये, हेतू दोन्ही वेळी चांगलेच होते. पहिल्या वेळी एका बाजूला खाणी बंद होत होत्या तेव्हा दुसऱ्या बाजूला भरती चालू होती. पगार तोलामोलाचा, जागा तीच, आणि नव्या कामासाठी आधीच्या कामातली शिस्त चालणारी. दुसऱ्या वेळी कारखाना आधी गेला आणि त्या जागेचं काय करायचं याचं उत्तर नंतर तुकड्यातुकड्याने आलं. शहराला ते उत्तर मिळालं. गिअरबॉक्स जोडणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला ते मिळालंच असं नाही.

एक उद्योग जाऊन दुसरा येताना त्यातल्या कामगारांवर अन्याय होऊ नये, या विचाराला आता ‘न्याय्य स्थित्यंतर’ असं भारदस्त नाव आहे. काही जण ‘संक्रमण’ म्हणतात, पण त्या शब्दाने साथीचा रोग आठवतो, म्हणून तो टाळलेला बरा. कल्पना कामगार संघटनेतून आली. अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगारांच्या संघटनेचे नेते टोनी माझोकी यांनी १९९० च्या सुमारास एक साधा प्रश्न लावून धरला होता. विषारी झालेली माती साफ करायला अमेरिकेने १९८० साली कायदा करून निधी उभा केला. मग त्याच कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या माणसांसाठी तसा निधी का नको? दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने शिक्षणाचा आणि घरखर्चाचा पैसा दिला होता, तसंच काहीतरी त्यांच्या मनात होतं. हवामान बदलावरच्या २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत हा शब्द पोचला, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मार्गदर्शक सूत्रं काढली. शब्द मोठा होत गेला, आणि मोठ्या शब्दांचं जे होतं ते याचंही झालं. ज्याला त्याला त्यात आपापलं दिसू लागलं.

म्हणून शब्द बाजूला ठेवून हजेरीपटाकडे यावं. कुठल्याही खाणीचा किंवा कारखान्याचा हजेरीपट घेतला की पहिलं काम एकच: माणसं वयानुसार मांडायची. समजा १००० कामगार आहेत आणि निवृत्तीचं वय ६०. त्यांतले २६० जण ५४ च्या पुढचे. बंद करायची तारीख सहा वर्षं आधी जाहीर केली, तर हे २६० जण काही न करता निवृत्त होतात. उरलेल्या ७४० मधून दरवर्षी दोन टक्के लोक आपणहून दुसरीकडे गेले, तर सहा वर्षांत आणखी चौऱ्याऐंशी गेले. प्रश्न हजारांचा होता, तो साडेसहाशेंचा झाला. आता तीच तारीख पाच महिने आधी जाहीर केली असं धरा. त्या २६० पैकी जेमतेम अठरा जण निवृत्त होतील. बाकी सगळे एकाच दिवशी गेटबाहेर. पूर्वसूचनेला काही पैसे पडत नाहीत, आणि तिच्याइतकं काम करणारी दुसरी तरतूद नाही. तरी ती मिळवायलाच सर्वांत जास्त भांडावं लागतं.

पाच महिने हा आकडा हवेतून घेतलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लॅट्रोब खोऱ्यातलं हेझलवूड वीज केंद्र, क्षमता १६०० मेगावॉट, नोव्हेंबर २०१६ च्या सुरुवातीला बंद करायचं जाहीर झालं आणि मार्च २०१७ अखेर बंद झालं. कायम आणि कंत्राटी मिळून सुमारे साडेसातशे माणसं. राज्य सरकारने धावपळ करून एक चांगली योजना आणली. शेजारच्या वीज केंद्रांतल्या वयस्क कामगारांनी स्वेच्छेने लवकर निवृत्त व्हायचं आणि त्यांच्या रिकाम्या जागी हेझलवूडच्या तरुणांनी जायचं. कल्पना उत्तम, कारण बॉयलर, टर्बाइन, कन्व्हेअर सगळं ओळखीचं. लक्ष्य १५० जागांचं होतं. भरल्या सुमारे ९०. अशा अदलाबदलीला वेळ लागतो: शेजारच्या कंपनीची संमती, निवृत्त होणाऱ्याच्या पैशाचा हिशेब, येणाऱ्याची ज्येष्ठता धरायची की नाही, हे सगळं पाच महिन्यांत बसत नाही. पुढे ऑस्ट्रेलियाने वीज केंद्र बंद करण्याआधी किमान तीन वर्षांची सूचना द्यायचा नियम केला. नियमाच्या त्या एका ओळीची किंमत हेझलवूडच्या कामगारांनी मोजली.

स्पेनने उलट्या टोकापासून सुरुवात केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार, कामगार संघटना आणि खाणमालक यांच्यात करार झाला. ४८ वर्षांवरच्या किंवा २५ वर्षं नोकरी झालेल्या खाणकामगाराला मुदतपूर्व निवृत्ती. तरुणांना १० हजार युरो आणि शिवाय झालेल्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा पगार. हे आकडे इथे देण्याचं कारण त्यांचा आकार नव्हे. करारावर सही झाली तेव्हा बहुतेक खाणी अजून चालू होत्या, आणि चालू खाणीच्या कामगाराच्या सहीला वजन असतं. खाण बंद झाल्यावर तोच माणूस अर्जदार होतो.

लवकर निवृत्तीबद्दल मात्र एक खोच आहे. जर्मनीच्या दगडी कोळसा खाणी २००७ च्या समझोत्यानुसार अकरा वर्षांत मिटवत आणल्या. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रॉपच्या प्रॉस्पर-हॅनियल खाणीतून शेवटचा कोळसा वर आला, आणि सक्तीने कुणाला काढलं नाही असं सांगता आलं. जमिनीखाली काम करणाऱ्याला पन्नाशीपासून पाच वर्षांपर्यंत जुळवणीचा भत्ता आणि मग खाणकामगारांचं निवृत्तिवेतन, अशी ती साखळी होती. फार सभ्य व्यवस्था. पण तिने माणूस वाचला, काम वाचलं नाही. वडिलांना पेन्शन मिळालं, मुलाला त्याच गावात तेवढ्या पगाराची नोकरी मिळाली नाही. अशा गावात बेकारीचा आकडा छान दिसतो, कारण निवृत्त माणूस बेकारांत मोजत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या संपानंतर खाणी मिटल्या तेव्हा वेगळ्या वाटेने हेच झालं: माणसं बेकारांच्या यादीऐवजी आजारपणाच्या भत्त्याच्या यादीत गेली आणि सरकारी तक्ते सुधारले.

तारीख लांबची असली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. लांब तारखेचा स्वतःचा रोग असतो. तारीख जाहीर झाली की पहिले कोण जातात? इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, कंट्रोल रूमचे ऑपरेटर. त्यांना बाहेर मागणी असते, रसायन कारखान्याला तीच माणसं हवी असतात. मागे उरतात ते ज्यांचं कौशल्य त्या जागेशी बांधलेलं असतं. खाणीत सुरुंग लावणाऱ्याला दगडाच्या खाणीत किंवा बोगद्याच्या कामावर जागा मिळू शकते, पंप आणि बेल्ट सांभाळणाऱ्या फिटरलाही. पण खाण कायद्याखाली मिळालेलं देखरेखीचं प्रमाणपत्र, ज्यासाठी त्याने कित्येक वर्षं घालवली, ते खाणीच्या तोंडाबाहेर कागद ठरतं. तर कुशल माणसं गेल्यामुळे शेवटच्या दोन वर्षांत पाळ्या अपुऱ्या पडतात, ओव्हरटाइम वाढतो, देखभाल पुढे ढकलली जाते. ‘दोन वर्षांनी बंदच व्हायचंय, आता नवा बेल्ट कशाला?’ हे वाक्य अपघाताच्या आधी हमखास ऐकू येतं. त्यावर उपाय म्हणजे शेवटच्या दिवशी हातात पडणारा थांबण्याचा बोनस, आणि बंद होईपर्यंतच्या देखभालीचा खर्च करारात वेगळा लिहून घेणं. पहिली गोष्ट बहुतेक करारांत सापडते. दुसरी विसरली जाते.

त्याच रोगाचा दुसरा भाग जास्त वाईट. बंद होणार म्हणून कायम भरती थांबते. काम तर असतंच. मग रिकाम्या जागांवर कंत्राटी माणसं येतात. सहा-सात वर्षांत हजेरीपट अर्धा कंत्राटी होतो, आणि ज्या दिवशी करार लागू होतो त्या दिवशी करारात फक्त कायम कामगार असतात. कोळसा उतरवणारे, राख उपसणारे, कॅन्टीन चालवणारे, डंपरवरचे चालक यांची नावं ठेकेदाराच्या वहीत असतात, आणि ठेकेदार मागच्याच वर्षी बदललेला असतो. न्याय्य म्हणवणारा करार वाचताना आधी त्यातल्या व्याख्या वाचाव्यात. ‘कामगार’ म्हणजे कोण, हे जिथे लिहिलंय तिथेच निम्मा निकाल लागलेला असतो.

मोटार उद्योगाकडे वळलं की गुंता वेगळा होतो. कोळशात अख्खी जागा बंद होते. मोटारीत विजेच्या गाड्या आल्या की मधलाच भाग गळतो. पत्रा दाबणारा प्रेस शॉप राहतो, वेल्डिंग राहतं, रंगकाम राहतं. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, काचा, सीट, दिवे, टायर राहतात. जातं ते इंजिन आणि त्याच्या अवतीभवतीचं: पिस्टन, रिंग, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, व्हॉल्व, इंजेक्टर, इंधन पंप, टर्बो, सायलेन्सर, क्लच, अनेक गिअरांचा गिअरबॉक्स. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन पुरवठादारांपैकी सीट बनवणाऱ्याला फरक पडत नाही आणि पिस्टन रिंगवाल्याचं दुकान उठतं. मोठ्या कंपनीचा कामगार बातमीत येतो, रिंगवाल्याकडचे चाळीस जण येत नाहीत.

‘इंजिन शॉपवाल्यांना बॅटरीवर घ्या’ असं सहज म्हटलं जातं. तर बॅटरी सेलच्या कारखान्यात आत जाऊन बघू. पावडर आणि द्रावण मिसळून लगदा करतात, तो तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर सारखा पसरून वाळवतात, रुळांखाली दाबतात, कापतात, थर रचतात, इलेक्ट्रोलाइट भरतात आणि मग कित्येक दिवस हळूहळू चार्ज-डिस्चार्ज करत मुरवतात. पुढच्या टप्प्यांची खोली इतकी कोरडी लागते की हवेचा दवबिंदू उणे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याच्याही खाली असतो. माणसाचा श्वास आणि घाम हेच तिथे दमटपणाचं कारण, म्हणून आत किती जणांनी असायचं हेही ठरलेलं. हे काम क्रँकशाफ्ट मायक्रॉनमध्ये घासणाऱ्या माणसाच्या ओळखीचं नाही. कागद गिरणीत, फिल्म बनवणाऱ्या किंवा औषधांच्या कारखान्यात काम केलेला माणूस तिथे लवकर रुळतो. ग्राइंडरवाल्याची खरी जागा विजेच्या मोटरचा फिरता दांडा म्हणजे रोटर शाफ्ट, वेग कमी करणारा एकाच टप्प्याचा रिडक्शन गिअर आणि अॅल्युमिनियमची हाउसिंग इथे आहे. त्या जागा आहेत, पण कमी आहेत. पुनर्प्रशिक्षणाचा आराखडा करणाऱ्याने ‘इंजिन कामगार’ ही एक ओळ लिहिली असेल, तर त्याने शॉप फ्लोअर पाहिलेला नाही असं खुशाल समजावं.

दुरुस्तीच्या बाजूला आणखी एक अडचण आहे, आणि ती हाताच्या सवयीत आहे. पंचवीस वर्षं इंजिनावर काम केलेल्या मेकॅनिकला बिघाड आवाजाने, वासाने, हाताला लागणाऱ्या थरथरीने कळतो. ४०० किंवा ८०० व्होल्टचा बॅटरी पॅक आवाज करत नाही. डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वर गेलं की धोका धरतात. जास्त व्होल्टच्या केशरी केबलला हात लावण्याआधी गाडी बंद करायची, चावी लांब ठेवायची, १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण वायर सोडायची, पॅकचा वीजमार्ग तोडणारा सर्व्हिस प्लग ओढून कुलपात टाकायचा, आणि थांबायचं. इन्व्हर्टरमधला वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा व्हायला कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मिनिटं लागतात, बहुधा पाच ते दहा. मग मीटर आधी चालू स्रोतावर लावून तो जिवंत आहे ना ते पाहायचं, टर्मिनलवर शून्य वाचायचं, आणि पुन्हा चालू स्रोतावर तपासायचं, कारण मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर तोही शून्यच दाखवतो. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालण्याआधी त्यांची कड गुंडाळून आत हवा कोंडायची आणि कानाशी धरून सूं आवाज येतो का ते ऐकायचं. नवशिक्यांचं यात चुकत नाही, ते भीतभीत सगळं करतात. चुकतो तो अनुभवी माणूस. ‘गाडी बंद आहे’ म्हणजे ‘आता सुरक्षित आहे’ हे त्याच्या हातांनी पंचवीस वर्षं शिकलेलं असतं आणि ती पाच मिनिटं तो गाळतो. म्हणून अशा माणसाला दोन दिवसांची व्याख्यानं देऊन प्रमाणपत्र देणं ही उपकाराच्या वेषातली हेळसांड आहे. त्याला उघड्या पॅकवर, शिकवणारा शेजारी उभा असताना, काही आठवडे मिळाले पाहिजेत, आणि त्या आठवड्यांचा पगार चालू राहिला पाहिजे.

नीट केलं तर जमतं. फोक्सवागनने झ्विकाऊचा कारखाना पूर्ण विजेच्या गाड्यांकडे वळवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पहिलं विजेवरचं मॉडेल सुरू झालं, जून २०२० मध्ये शेवटची इंजिनाची गाडी निघाली. मधल्या महिन्यांत दोन्ही शेजारी चालू, सुमारे ८ हजार माणसं टप्प्याटप्प्याने इकडून तिकडे. पण मागणी ढेपाळल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये २६९ हंगामी कामगारांचे करार पुढे न वाढवण्याचं जाहीर झालं. पुन्हा तीच व्याख्या. आणि विजेची गाडी म्हणजे भविष्य पक्कं, असंही नाही. ब्रसेल्समधला आउडीचा कारखाना फक्त विजेच्याच गाड्या काढत होता, तो फेब्रुवारी २०२५ अखेर बंद झाला आणि सुमारे ३ हजार जण बाहेर पडले.

पगाराचं बोलायला हवं, कारण ‘नोकऱ्या तितक्याच राहतील’ या वाक्यात तो लपतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लॉर्डस्टाउनचा जनरल मोटर्सचा जुना मोटार कारखाना २०१९ मध्ये थांबला आणि जवळच भागीदारीतला बॅटरी सेलचा कारखाना आला. बाहेरून पाहिलं तर चित्र आदर्श. पण सेल कारखाना वेगळी कंपनी म्हणून मोटार कंपनी आणि कामगार संघटनेच्या जुन्या करारात नव्हता, आणि सुरुवातीचा पगार ताशी साडेसोळा डॉलर होता, म्हणजे जुन्या कारखान्यातल्या मुरलेल्या कामगाराच्या साधारण निम्मा. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या कामगारांनी ७१० विरुद्ध १६ मतांनी संघटना निवडली, २०२३ च्या मोटार कामगारांच्या संपात सेल कारखाने त्या मुख्य कराराखाली आले, आणि २०२४ च्या स्थानिक करारानंतर दर ३० डॉलरच्या वर जाऊ लागले. हे आपोआप झालं नाही. यातून एक गोष्ट घेण्यासारखी: नवा कारखाना कुणाच्या नावाने नोंदवला जातोय, हे पायाभरणीच्या आधी विचारावं.

जिथे पगार कमी होणारच असतो, तिथे फरक भरून देण्याची युक्ती आहे. अमेरिकेत आयातीमुळे नोकरी गेलेल्या पन्नाशीपुढच्या कामगाराने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षांत १० हजार डॉलरपर्यंत मिळे. २०२२ मध्ये त्या योजनेची मुदत संपली आणि नव्या कामगारांसाठी दार बंद झालं. कॅनडातल्या अल्बर्टाने कोळसा कामगारांना जुन्या पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ४५ आठवडे, अशी भर दिली. मला पहिली पद्धत जास्त पटते. भत्ता संपतो तेव्हा माणूस जिथे होता तिथेच असतो, फरक भरून मिळाला तर तो तोवर एका कामात रुजलेला असतो.

गावाच्या तिजोरीबद्दल थोडक्यात. कोळशाचं वीज केंद्र तीस-चाळीस वर्षं शेकडो पगार आणि स्थानिक कर देतं. सौर प्रकल्प उभारणीच्या वर्षभरात भरपूर माणसं मागतो आणि मग मोजक्यांवर चालतो. म्हणून एकाच्या जागी दुसरा, असा हिशेब जुळत नाही. दक्षिण आफ्रिकेतलं कोळशावर चालणारं कोमाटी वीज केंद्र ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद झालं. त्याच्या रूपांतरासाठी जागतिक बँकेचं ४९ कोटी ७० लाख डॉलरचं अर्थसाहाय्य त्याच आठवड्यात मंजूर झालं. पैसा होता, आराखडा होता, फक्त चिमणी थंड झाली तेव्हा नवं काम कागदावर होतं, आणि केंद्रातल्या माणसांवर चालणारी आसपासची छोटी दुकानं आराखडा वाचून थांबू शकत नव्हती.

राहिलं शरीर. कोळशाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा आजार काम सुटल्यावर दहा-दहा वर्षांनीही उघड होतो. अमेरिकेत त्यासाठीचा निधी कोळशावरच्या कराने भरतात, जमिनीखालच्या टनामागे १ डॉलर १० सेंट, उघड्या खाणीच्या टनामागे ५५ सेंट. कोळसा कमी निघाला की कर कमी, रुग्ण मात्र तेवढेच. वर दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांचं देणं याच निधीवर येतं, म्हणून तो अब्जावधी डॉलरच्या कर्जात आहे. खाण मिटल्यावर दावा करणाऱ्याला मालक सापडत नाही, ठेकेदार सापडत नाही, आणि धुळीची मोजमापं असलेलं कपाट कुठल्या गोदामात गेलं ते कुणी सांगत नाही.

तेव्हा गेट उघडं आहे तोवर गोळा करायचे कागद: नेमणुकीचं पत्र आणि सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत; कंत्राटी असाल तर मुख्य मालकाच्या गेटपासची प्रत, कारण त्या जागेवर तुम्ही होतात याचा तो एकमेव पुरावा ठरू शकतो; पगाराच्या पावत्या, निदान शेवटच्या तीन वर्षांच्या; प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, त्यावर यंत्राचं नाव आणि तास लिहिलेले; ज्या विभागांत काम केलं त्यांची तारखांसह यादी, विभागप्रमुखाच्या सहीने; तिथल्या धुळीच्या आणि आवाजाच्या मोजणीचे अहवाल; श्रवण चाचणी; आणि छातीचे एक्स-रे, नुसता अहवाल नव्हे, फिल्म किंवा तिची मूळ फाइल. त्यात सर्वांत जुना शोधून काढावा, कामावर रुजू होतानाचा. तो मिळायला सर्वांत अवघड असतो, आणि पुढे डॉक्टर आधी तोच मागतात.